टेलिफोनवरच्या दोन उश्या

शारजातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्या माणसाला मी मूठ वर करून "कॉम्रेड!" म्हणालो, ही माझी पहिली चूक. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या त्या वयस्क रशियन गृहस्थांनी आधी लिफ्टच्या छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते तिसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्यानं वर गेले.

मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज नेव्हर डू दॅट अगेन."

वास्तविक सोव्हिएत देशाचा माझा अभ्यास दांडगा होता. लहानपणी पुण्यात आमच्याकडे तिथली गुळगुळीत कागदाची मासिकं यायची आणि आई त्यांच्या पानांची कव्हरं माझ्या वह्यांना घालायची. गणितावर ट्रॅक्टर, भूगोलावर गहू, मराठीवर दूधवाली. सगळे हसत असायचे, ट्रॅक्टरसुद्धा. लेखाचा उरलेला भाग पुठ्ठ्याच्या आत दुमडलेला असे. तो उलगडून वाचावा असं मला कधी वाटलं नाही.

पुढे ओळख झाली. गृहस्थ तरुणपणी भारतात एका पोलाद कारखान्यात दुभाषे होते आणि हिंदी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. आता देशच बदलला म्हणून शारजात आले होते आणि मायदेशाहून टीव्ही-फ्रिज न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एका दुकानात दुभाष्याचं काम करत होते. म्हटलं, या एकदा चहाला, आणि तिकडचं खरंखुरं सांगा. ते म्हणाले, "बुधवार को, महोदय, पाँच बजे." मी इथल्या अरबी थाटात म्हटलं, "यल्ला, चला, पक्कं!"

ही दुसरी चूक. कारण त्याच बुधवारी पाच ते सहाच्या दरम्यान बायकोला फोन यायचा होता.

पुण्यात तिनं नऊ वर्षं शाळेत शिकवलं होतं. माझ्या नोकरीपायी ते सोडून ती इकडे आली आणि चार वर्षं अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमधून तळं बघत होती. आता कुठे दुबईत ऊद मेथाच्या एका शाळेत मुलाखत चांगली झाली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं, फोन उचलला नाहीत तर यादीतल्या पुढच्या बाईंना विचारू.

"अहो, मी वडे तळतेय," बायको म्हणाली. "एक्झॉस्टच्या घरघरीत मला काही ऐकू यायचं नाही. तुम्ही फोनपाशी बसा. दुसरं काहीही करू नका."

"तेवढं जमेल मला," मी म्हणालो.

पाहुणे बरोबर पाचला आले, हातात काकडीच्या लोणच्याची बरणी. मी विषय काढला. ते उठले. आधी स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला. बायकोनं तो बंद केला. त्यांनी नम्रपणे पुन्हा सोडला. हात धुवायची त्यांच्याकडची काही पद्धत असेल, म्हणून तिनं बिचारीनं तो तसाच राहू दिला. मग त्यांनी आमचा रेडिओ लावला, आणि सोफ्यावरची उशी घेऊन टेलिफोनवर ठेवली.

"क्षमा कीजिए," ते म्हणाले. "आदत. हमारे यहाँ टेलिफोन के भी कान होते थे."

आमच्या हॉलमध्ये, नायलॉनच्या पडद्यांच्या आत, काहीतरी गुप्त घडत होतं! एक उशी कमी वाटली म्हणून दुसरी मीच दिली.

आणि काय माणूस बोलला! पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर, प्रत्येकाची वेगळी पातेली आणि प्रत्येकाचे कान भिंतीला. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ पावणेदहाला बंद पडलं होतं. ते वरून आलेलं असल्यामुळे बंद आहे असं म्हणणार कोण? वर्षभर सगळे वेळेवर हजर, कारण कधीही आलं तरी पावणेदहाच. मी हसून हसून सोफ्यावरून घसरलो. मग ते म्हणाले, त्यांची आई आधी फोनवर उशी ठेवायची आणि मगच विचारायची, आज शाळेत काय झालं? तेव्हा मात्र हसू येईना. तेवढ्यात रेडिओच्या आवाजाआडून कुठूनतरी घुमण्याचा आवाज आला.

"पारवे," मी म्हणालो. "एसीच्या मागे घरटं केलंय."

सहा वाजून दहा मिनिटांनी बायको वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. "फोन नाही ना आला?"

मग तिला उश्या दिसल्या.

"आय थॉट इट वॉज द फ्रिज," मुलगी आतून म्हणाली.

बायकोनं ताट टेबलावर ठेवलं, उश्या एकेक करून उचलल्या, शाळेला फोन लावला. नुसतीच घंटी वाजत राहिली. शाळा बंद झाली होती आणि इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी, म्हणजे ती थेट शनिवारी उघडणार. ती खुर्चीत बसली आणि उश्यांचे अभ्रे नीट करू लागली. ती रागावण्याऐवजी आवरायला लागली की मला जास्त भीती वाटते.

पाहुण्यांना सगळं समजलं. ते पांढरेफटक पडले आणि कागद मागू लागले. त्यांच्याकडे असं काही झालं की लेखी स्पष्टीकरण द्यायचं, हा रिवाज. दीड पान शुद्ध हिंदीत लिहिलं: मी, वय अठ्ठावन्न, कोणाच्याही चिथावणीशिवाय, स्वतःच्या हातानं टेलिफोनवर उशी ठेवली, यात बहनजींचा कसलाही दोष नाही. खाली सही. साक्षीदार म्हणून माझीही सही घेतली. दुसऱ्या उशीचा उल्लेख सभ्य माणसानं टाळला.

शनिवारी तो कागद पर्समध्ये घालून बायको शाळेत गेली. मी ऑफिसात दर पाच मिनिटांनी रिसीव्हर उचलून डायल टोन येतोय का ते बघत होतो. दुपारी ती घरी आली तेव्हा तिच्या हातात पाचवीची चार पाठ्यपुस्तकं होती.

"मिळाली?"

"पुढच्या बाई म्हणे आधीच भारतात परत गेल्यात. आणि कागद वाचून मुख्याध्यापिकाबाई इतक्या हसल्या की शिपाई आत बघायला आला."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"विचारलं ना. हे साक्षीदार कोण म्हणाल्या." पुस्तकं टेबलावर ठेवत बायको म्हणाली, "मी सांगितलं, आमचे हे. फोनपाशीच बसले होते. पारवे ऐकत."