मोडक्या पेट्या, मेलेल्या माश्या

अहल्याबाईंचं घराणं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि संताप आला की दोन्हींची खिचडी. शाळेतली नोकरी सोडल्यावर त्यांनी होसकोट्याजवळ दिराच्या शेतात मधमाश्या पाळायला घेतल्या आणि त्यातच रमल्या. "आमच्याकडे आधी माश्यांची विचारपूस, मग माझी," असं त्यांचे यजमान हयवदनराव पाहुण्यांना सांगत.

मग माश्यांवर साथ आली. ब्याण्णवच्या सुमाराला त्या भागातल्या पेट्याच्या पेट्या ओस पडल्या. अहल्याबाईंच्या तेवढ्या सहा तगल्या. का तगल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी देवनहळ्ळीकडे कारळ्याची शेतं फुलली; तिथं माश्यांना भरपूर मध मिळणार होता. अहल्याबाईंनी पहाटेच पेट्यांची तोंडं जाळीनं बंद केली, ओळखीच्या टेम्पोवाल्या यल्लाप्पाच्या मॅटाडोरमध्ये त्या चढवल्या आणि स्वतः त्याच्या शेजारी बसल्या. वाटेत एका खासगी बसनं मागून असा दणका दिला, की मागची फळी तुटून पेट्या रस्त्यावर फेकल्या गेल्या आणि बस त्यांच्यावरूनच पुढे जाऊन थांबली. अहल्याबाईंचं कोपर सोलवटलं. यल्लाप्पाला काही झालं नाही. डांबरावर मध सांडला होता आणि त्यात माश्या चिकटून तडफडत होत्या. अहल्याबाई वाकून एकेक उचलायला लागल्या. यल्लाप्पानं त्यांना हाताला धरून बाजूला नेलं. "अक्का, मागून गाड्या येतायत."

चूक बसचीच, हे पोलिसांनीही मान्य केलं. पण पंचनाम्यात हवालदारानं लिहिलं: सहा लाकडी खोकी, मोडलेली.

बसच्या विमा कंपनीत शेषगिरी नावाचे अधिकारी होते. सभ्य माणूस, दर वेळी आधी कॉफी मागवत.

"माश्यांचं खरेदीचं बिल आहे का, अम्मा?"

"माश्या मी विकत घेतल्या नाहीत. झाडांच्या ढोलीतून, भिंतींतून काढून आणल्या. वर्षानुवर्षं वाढवल्या."

"म्हणजे बिल नाही. मग मेल्याचा दाखला तरी आणा. म्हैस मेली तर जनावरांचे डॉक्टर देतात, तसा."

अहल्याबाई होसकोट्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. डॉक्टर आधी हसले, मग अहल्याबाईंचा चेहरा पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. "बाई, मी गाईबैलांचा डॉक्टर. माश्यांचं शवविच्छेदन कसं करू?"

त्या परत आल्या, तर शेषगिरी रजेवर. नंतर आल्या, तर कागद दुसऱ्या शाखेत गेलेले. तिथला कारकून म्हणाला, "स्वल्प थांबा," आणि जेवायला निघून गेला. मोडकी खोकी पुरावा म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात पडून होती. कंपनीचा सर्व्हेअर ती पाहायला आला, तोवर त्यांना वाळवी लागली होती. त्यानं वाळवीसाठीही रक्कम कापली.

"माश्यांचं काय?" अहल्याबाईंनी रजेवरून परतलेल्या शेषगिरींना विचारलं.

"त्या उडून गेल्या असतील, अम्मा. उडून गेलेल्या वस्तूचं नुकसान कसं धरायचं?"

"रस्त्यावर मेल्या त्या! मी हातानं उचलल्यात!" त्यांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. शेषगिरींनी मान खाली घातली. त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं, हे अहल्याबाईंना दिसत होतं आणि त्यामुळे चीड आणखीच वाढत होती. भांडायचं तरी कोणाशी?

अखेर जुन्या लाकडाच्या भावानं दावा मंजूर झाला. पावतीवर छापलं होतं, की माझं पूर्ण समाधान झालं आहे.

"समाधान झालेलं नाही. हे खोडा."

"खोडलं तर चेक निघणार नाही."

त्यांनी सही केली. त्या संध्याकाळी हयवदनरावांनी "मिळालं ना एकदाचं?" असं विचारलं, तेव्हा त्या ताटावरून उठून गेल्या.

चेकच्या पैशांत पदरची भर घातल्यावर सुतारानं नव्या पेट्या करून दिल्या. सुरेख झाल्या, पण त्यांत घालायला माश्या कुठून आणायच्या? साथीनंतर झाडांच्या ढोल्या रिकाम्याच होत्या. देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या भिंतीत पोळं आहे असं यल्लाप्पाला कळलं, म्हणून दोघं बसनं गेली. दगडांच्या फटीत मूठभर माश्या होत्या.

"काढू का, अक्का?"

"नको. हलवलं तर मरतील. इथंच राहू देत."

मग त्यांनी बसस्टँडकडे चालायला सुरुवात केली. नव्या पेट्या शेतात रिकाम्याच राहिल्या.