ट्रायलिस्टचा जबाब

“ह्यो आज बी ट्रायलिस्टच व्हय रं?”

“मग! जलमभर ट्रायलिस्टच ऱ्हानार त्यो. लगीन बी त्याच नावानं करंल.”

माझ्या मागच्या बाकावर बसलेले दोन राखीव खेळाडू हसले. मी वळून पाहिले नाही. समोर नऊ नंबरचा शर्ट घातलेला एक काटक माणूस चेंडू छातीवर झेलत होता आणि मी टेबलाशी बसून सामन्याची वेळ पाहत होते. दोहातल्या त्या लीगच्या शिस्त समितीत काम करताना मला मिळालेली ती पहिली खबर. देणाऱ्यांना आपण खबर देतोय याची कल्पनाही नव्हती. ते काम सोडून मला बराच काळ झाला आहे, पण ते हसणे अजून विसरता येत नाही.

कोणाचेही नाव मी इथे देणार नाही. वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षे. शहरात जिकडे पाहावे तिकडे क्रेन उभ्या होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांतले कामगार आणि ड्रायव्हर दर शुक्रवारी अल गराफातल्या एका शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळायचे. ही लीग एका वयस्कर स्कॉटिश इंजिनिअरने उभी केली होती. तोच तिचा सेक्रेटरी. मायदेशी, स्कॉटलंडच्या ईशान्येला, त्याने अनेक वर्षे एका लहान क्लबचा कारभार पाहिला होता. तिथली लीग मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांच्या खालची, एका प्रदेशापुरती. कोळ्यांची बंदरे, व्हिस्कीच्या भट्ट्यांची गावे, आणि प्रत्येक गावाचा आपला क्लब. आठवडाभर सुतारकाम किंवा नळदुरुस्ती करणारी माणसे शनिवारी मैदानात उतरत. वारा असा की गोलकीपरने मारलेला चेंडू कधीकधी त्याच्याकडेच परत यायचा, असे सेक्रेटरी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत असे.

तिथलाच एक नियम त्याने दोहात आणला होता. नोंदणी न झालेला खेळाडू पारखून पाहायचा असेल, तर क्लब त्याला बिननावाने खेळवू शकतो. संघाच्या यादीत नावाच्या जागी फक्त ‘ट्रायलिस्ट’ असे लिहितात. आमच्याकडे याला दोन सामन्यांची मर्यादा होती. तिसऱ्या सामन्याआधी खरे नाव आणि कंपनीची परवानगी द्यावी लागे, कारण कोणी जखमी झाले तर जबाबदारी लीगवर येत होती.

ड्रायव्हरांच्या संघाने मात्र जवळजवळ सगळा हंगाम ट्रायलिस्ट खेळवला होता. कप्तानाचे म्हणणे, दर वेळी माणूस वेगळा. त्यांच्याकडून हरलेल्या एका संघाने लेखी तक्रार केली. माणूस एकच असल्याचे सिद्ध झाले असते तर संघाचे गुण जाणार होते. तपास माझ्याकडे आला.

बाकावर ऐकलेले बोलणे माझ्याजवळ होते, पण थट्टेत झालेले बोलणे पुरावा होत नाही. मी कप्तान आणि ट्रायलिस्ट, दोघांना चौकशीला बोलावले. शाळेच्या खेळाच्या साहित्याची खोली होती. जाळ्या, शंकू, चुन्याची पोती, आणि मध्ये एक लहान टेबल. सेक्रेटरी इंग्रजीत विचारणार, मी ते हिंदीत सांगणार आणि जबाब टिपून घेणार, असे ठरले होते.

इथे माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मी दोहातच वाढले. शाळा इंग्रजी माध्यमाची. आईबाबा मूळचे नाशिकचे; घरी ते मराठीत बोलत आणि मी इंग्रजीत उत्तर देत असे. बाहेर हिंदी. त्या मैदानावर कोणी माझ्या तोंडून मराठी शब्द ऐकला नव्हता. मी केरळची आहे अशी तिथे सगळ्यांची समजूत होती आणि ती मी कधी दुरुस्त केली नव्हती. गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक मोकळे होतात. चौकशीच्या कामात याचा फार उपयोग होतो.

“आप यहाँ पहले खेले हैं?” मी विचारले.

“नहीं मॅडम. पहली बार.” ट्रायलिस्ट म्हणाला. तो माझ्याकडे न बघता सेक्रेटरीकडे बघत होता, आणि सेक्रेटरी त्याच्या गुडघ्याकडे.

“ह्यो सायब गुडघ्याकडं का बघाय लागलाय?” त्याने हसरा चेहरा ठेवून कप्तानाला विचारले.

“गेल्या शुक्रवारी आपटलास न्हवं. खपली दिसतीया. पाय आत घे.”

मी खाली मान घालून लिहीत राहिले. दोघेही कोल्हापूरचे, एकाच पेठेतले, हे त्यांच्या पुढच्या दोन वाक्यांतच कळले. कोल्हापुरात तालमींचे संघ कसे ईर्ष्येने खेळतात हे बाबा सांगत. सामना हरलेला खेळाडू आठवडाभर मुख्य रस्त्याने जात नाही म्हणे. याला बिननावाचे का होईना, खेळल्याशिवाय राहवत नव्हते, यात नवल नव्हते.

“थुमामाच्या साइटीचं त्वांडातनं काढू नगंस,” कप्तान म्हणाला. “स्टेडियमवर हाईस म्हनून कळलं की खलास. फोरमन काय म्हनलाय तुझा?”

“फुटबॉल खेळताना दिसलास तर दुसऱ्या दिवशी इमानात.”

“मग गप ऱ्हा की भावा. गोऱ्याला कळत न्हाई आन मॅडम केरळची.”

“त्या मॅडमला कुनी पानी तरी इचारतंय का रं? दर शुक्रवारी उनात बसती बिचारी.”

जबाब संपला. दोघे बाहेर गेल्यावर सेक्रेटरीने मला विचारले, माणूस एकच आहे का? मी म्हणाले, हो. कुठे काम करतो? मी म्हणाले, थुमामाला स्टेडियमच्या कंत्राटदाराकडे. त्याने आणखी काही विचारले नाही आणि मीही आणखी काही सांगितले नाही. फोरमनचे बोलणे माझ्या कागदावर नव्हते. प्रकरण माझ्या दृष्टीने सुटले होते.

सेक्रेटरीला आनंद झाला नाही. तो खोलीतल्या जाळीची गाठ उगाच सोडवत बसला. “आमच्या गावात ट्रायलिस्ट कोण आहे ते बेकरीवालीपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं,” तो म्हणाला. “पण विचारत कोणी नाही. तक्रार आली की मात्र विचारावंच लागतं.”

गुण कापले गेले. मग सेक्रेटरीने, आपल्या मते, चांगुलपणाचे काम केले. एवढा चांगला खेळाडू बाहेर राहू नये म्हणून त्याने कंत्राटदाराला विनंती केली, तुमच्या या माणसाला रीतसर खेळण्याची परवानगी द्या. परवानगी आली नाही. ट्रायलिस्टला परत पाठवायचे ठरले आहे एवढे कप्तानाकडून कळले. सेक्रेटरी ते ऐकून टेबलावर हात ठेवून उभाच राहिला. “तिथल्या कामगारांना खेळायला बंदी आहे, हे कोणाला माहीत होतं?” त्याने विचारले. मला वाटते तो स्वतःलाच विचारत होता. मी जबाबाचे कागद फाइलमध्ये लावत राहिले.

पुढे मी आणखी काही प्रकरणे हाताळली. त्या सगळ्यांत एक सवय मी लावून घेतली. चौकशीत कानावर पडलेले सगळे, विचारले नसले तरी, वरिष्ठांपुढे ठेवायचे. माणसाला दोषी ठरवणारे तेवढे उचलायचे आणि त्याला वाचवू शकणारे तिथेच सोडून द्यायचे, हा तपास नव्हे. पण ही अक्कल त्या माणसाच्या काही कामाची नव्हती.

जाण्याआधीच्या शुक्रवारी तो मैदानावर आला. इस्त्रीचा शर्ट, नवे बूट. सगळ्यांना भेटला. कोणी पाठीत धपाटा मारला, कोणी म्हणाले गावाकडून काजू पाठव, तर तो म्हणाला, “काजू कोकनात असत्यात लेका, आमच्याकडं गूळ.” कप्तान मात्र लांब, माझ्या टेबलाजवळ उभा होता. शेवटी तोच पुढे झाला.

“यल्ला, चल, गळ्यात तरी पड की.”

“चौकशीच्या खोलीत मराठी कळनारं आपन दोघंच व्हतो,” ट्रायलिस्ट म्हणाला.

“आईची शपथ. मी न्हाई सांगितलं.”

“आईला मधी आनू नगंस. मग कुनी सांगितलं? गोरा मराठी शिकला व्हय? का ह्या मॅडमला सपान पडलं?”

“मला ठावं न्हाई रं.”

“गुण गेलं त्याचं काय न्हाई. नोकरीचं बी बघतो मी. पर पेठेत काय सांगू? रोज तुझ्या दारावरनं जायचं हाय मला. तुझी आई हाक मारनार, माझा पोरगा कसा हाय म्हनून इचारनार. काय सांगू तिला?”

कप्तानाचे डोळे लाल झाले होते आणि तो मैदानाकडे बघत होता, जणू सामना चालू आहे. ट्रायलिस्टने पिशवी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे वळून, सवयीने, अरबीत आभार मानत “शुक्रन मॅडम,” म्हणाला.

मी उभी राहिले. परक्या माणसाशी मी आयुष्यात कधी मराठीत बोलले नव्हते. तो गेटपर्यंत पोहोचला तेव्हा मी मोठ्याने हाक मारली, इतकी मोठ्याने की बाकावरचे सगळे वळले.

“दादा, थांबा. त्यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं. मी नाशिकची आहे, तुमचं सगळं बोलणं मला कळत होतं.”