मामांचे तीन बाजार

आमच्या मोठ्या मामांनी जन्मात कधी सगळं बघितल्याशिवाय एक वस्तू घेतली नाही. स्वतः आठवडी बाजारात कापड विकणारा माणूस. गिऱ्हाईक दहा ठाणं उलगडायला लावून अकरावं घेतं, हे पाहण्यात त्यांची हयात गेलेली. त्यामुळे स्टँडवर पेरू घ्यायचे तरी ते टोपलीच्या तळापर्यंत हात घालणार. मामीसुद्धा म्हणे चौथ्या ठिकाणी पसंत पडली. "पहिल्या तिघींनी ह्यांनाच नाकारलं, ते सांगत न्हाईत," असं मामी म्हणते.

असा माणूस संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसला, तेव्हा शेजारी मी होतो. सकाळी मामांची बोटं दोन-दोन तास मिटायची नाहीत, मनगटं सुजायची, कात्री धरवत नव्हती. बाजार सुटतो की काय, या एकाच धास्तीनं ते औशाहून लातूरला आले होते. बाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुचवली. मामा म्हणाले, "दुसरं काय हाय? दावा तर समदं." मग बाईंनाच ठाणं उलगडत बसावं लागलं. आधी ही गोळी, ती पुरली नाही तर दुसरी रोजची, त्यानंही भागलं नाही तर महागडी इंजेक्शनं. स्टेरॉइडनं लवकर आराम पडतो, पण त्याच्यावर फार दिवस काढायचे नाहीत. प्रत्येक औषधाला मामांचा एकच प्रश्न, "धुतल्यावर रंग जातो का?" बाई हुशार. म्हणाल्या, "जातो कधी कधी. म्हणून तर मधूनमधून रक्त तपासायचं." मामा खूश! सगळा माल बघून झाल्यावर त्यांनी पहिलीच गोळी घेतली.

आठवड्याची गोळी ध्यानात कशी ठेवायची, यावर मामीनं तोड काढली, "बाजाराच्या दिशी घ्या." मामीचा बाजार म्हणजे पिशवी घेऊन भाजीला जायचा, औशाचा, आठवड्यातून एक. मामांचे बाजार तीन: औसा, शिरूर अनंतपाळ आणि जळकोट. त्यात मामा बायकोच्या शब्दाबाहेर नाहीत. टोपी घातली, गोळी गिळली, गाठोडं उचललं. तीन आठवड्यांत तोंड आतून सोलून निघालं, दुधात कुस्करलेली भाकरीही जाईना, तेव्हा मी त्यांना पुन्हा लातूरला नेलं. बाईंनी पाकीट बघितलं. दहातली एकच गोळी उरलेली. "आठवड्यातून एकदाच सांगितली होती ना?" मामा म्हणाले, "एका बाजाराला एकच घेतली की, बाई." हसावं की रडावं कळेना. रक्तातल्या पेशी इतक्या घटल्या होत्या की आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. मी एवढा घाबरलो होतो की मामीवर उगाच ओरडलो. त्याची लाज अजून वाटते.

जरा बरं वाटल्यावर मामांनी जाहीर केलं, "आता औषधं बंद. बोटं वाकडी झाली तर होऊ द्या." बाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, "एकदा वाकडी झाली की सरळ करायची गोळी माझ्याकडं नाही, मामा." मामांनी दोन बोटं कात्रीसारखी उघडून-मिटून बघितली. मग म्हणाले, "बरं, रोजचं काय हाय ते द्या." रक्त सुधारल्यावर बाईंनी रोजची गोळी सुरू केली. रोज म्हटल्यावर बाजाराचा घोळच उरला नाही.

आता सकाळचा चहा होईस्तोवर मामांची बोटं मोकळी होतात. औशाचा बाजार ते करतात, शिरूरही जमतं. जळकोट मात्र सुटलं. एसटीचा तेवढा लांबचा प्रवास झेपत नाही. तिथला त्यांचा शेजारी, एक म्हातारा बांगडीवाला, दर बाजाराच्या सकाळी फोन करतो, "सेठ, आज आते क्या?" मामा म्हणतात, "आज न्हाई जमत. म्होरल्या बाजारी येतोच." म्होरला बाजार येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी तो मामांच्या जागेवर पोतं अंथरतो, कुणाला बसू देत नाही, आणि बाजार उठला की झटकून, घडी घालून घरी नेतो.