जुसेलिनोचं टपाल

विश्वास पानिपतात मेला, असं वैजयंतीबाई देवस्थळी दिवसातून एकदा तरी म्हणत, आणि त्यात विनोदाचा लवलेशही नसे. वॉटफर्डमधल्या एका डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, त्या एकोणीस वर्षं रिसेप्शनवर बसल्या होत्या. छातीत दुखतंय म्हणून सकाळची पहिली अपॉइंटमेंट पटकावणारा माणूस आत जाऊन पायाचं कुरूप दाखवतो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की माणूस तोंड उघडतो तो थाप मारायलाच, अशी त्यांची पक्की समजूत झाली. गॅसचा मीटर वाचायला कुणी आला तर त्याचं ओळखपत्र त्या दोन्ही बाजूंनी बघत, मग त्याच्या ऑफिसला फोन लावून खात्री करून घेत. तो बिचारा तोवर पावसात उभा.

अशा बाईच्या घरात ब्राझीलचा फुटबॉलपटू राहायला आला, हे सगळं जयंतरावांचं कर्तृत्व. २००५ सालची गोष्ट. मुलगा नकुल शिकायला बर्मिंगहॅमला गेला, त्याची खोली रिकामी झाली. जयंतरावांना फुटबॉलचं वेड. जवळच्याच एका लहान क्लबला बाहेरगावच्या पोरसवदा खेळाडूंसाठी घरं हवी आहेत, हे त्यांनी स्थानिक पेपरात वाचलं. या देशातली ही जुनी रीत आहे. खेळाडू कोवळा असला की क्लब त्याला हॉटेलात ठेवत नाही, कुणातरी बाईच्या हाती सोपवतो. तिनं त्याला घरचं जेवण द्यायचं, दहाला दार लावायचं आणि दर सोमवारी क्लबच्या सेक्रेटरीला फोनवर सांगायचं, पोरगा नीट वागतो की नाही. हे शेवटचं काम ऐकून वैजयंतीबाई तयार झाल्या. पाळत ठेवायची आणि वर शाबासकी मिळवायची, याहून त्यांच्या जोगतं काम कुठलं!

ऑगस्टमध्ये जुसेलिनो आला. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, पायात चपला आणि खांद्यावर एकच बॅग. "दोना वैजयंती," म्हणजे त्याच्या भाषेत 'वैजयंतीबाई', असं म्हणून त्यानं वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. बाईंच्या मनात लगेच पाल चुकचुकली. इतकं वाकायचं कारण काय?

त्यात त्याचा पासपोर्ट निघाला पोर्तुगालचा. आजा पोर्तुगीज होता म्हणून मिळाला, असं सेक्रेटरी मिसेस हॉलिसनं समजावलं. त्याशिवाय इतक्या लहान वयात त्याला इथे खेळायची परवानगीच मिळाली नसती.

"अहो, माणूस एका देशाचा, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा, आणि राहणार तिसऱ्यात," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "हे सरळ वाटतं तुम्हाला?"

"अगं, तू देवरुखची. पासपोर्ट तुझा ब्रिटिश."

"माझं वेगळं आहे."

मग नजर ठेवणं सुरू झालं. पोरगा सकाळी चार केळी खिशात घालून नेतो, ती जातात कुठे? फोनवर बोलताना दार का लावतो? रविवारी दोन तास गायब कुठे असतो? केळी तो सरावाआधी खात होता, दार लावून आईशी बोलताना रडत होता आणि रविवारी चर्चमध्ये जात होता. जयंतरावांनी ही तिन्ही उत्तरं महिनाभरात शोधून आणली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि "बघू," म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ, मला पटलेलं नाही.

पोरगा खेळायचा मात्र छान. मिडफिल्डर म्हणजे काय, ते बाईंनी एकदा विचारलं.

"मागच्यांकडून बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा," जयंतराव म्हणाले. "गोल दुसराच करतो, पण याच्याशिवाय होत नाही."

"म्हणजे दलालच की," बाई म्हणाल्या.

नोव्हेंबरात त्याला मुख्य संघात शेवटची बारा मिनिटं मिळाली. चिखलात पाय रुतत होते, समोरचा आडदांड गडी दोनदा अंगावर आला, तरी यानं बॉल सोडला नाही. फेब्रुवारीपासून तो पहिल्या अकरांत गेला. स्टँडमधले म्हातारे त्याचं नाव घेऊन ओरडू लागले, अर्थात चुकीचा उच्चार करून. त्याचा करार मात्र एका वर्षाचाच होता. सीझन संपला की क्लब ठरवणार, ठेवायचा की सोडायचा. ठेवायचा असेल तर मे महिन्यात घरी पत्र येतं आणि महिन्याभरात त्यावर सही करून ते परत द्यावं लागतं. पत्र आलं नाही तर चंबूगबाळं आवरायचं. गावाकडे आई आणि दोन बहिणी त्या एका पत्राकडे डोळे लावून बसल्या होत्या.

आणि मग यतीन प्रभुदेसाई घरी आला.

हा जुसेलिनोचा एजंट. आडनाव मडगावचं, बालपण लिस्बनमधलं, धंदा लंडनमधला. मार्च महिन्यात तो पहिल्यांदा दारात उभा राहिला. बूट काढून, जोडीनं भिंतीशी ठेवून आत आला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही देवरुखच्या ना? माझी आजी संगमेश्वरची." सोलकढीची दुसरी वाटी त्यानं मागून घेतली. पोर्तुगीज पासपोर्ट त्याच्याकडेही होता, पण त्याबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी त्याचं ओळखपत्र मागितलं नाही, फोन करून खात्री केली नाही. तीस वर्षं परदेशात राहिलेल्या बाईला परका माणूस 'वहिनी' म्हणाला आणि एकोणीस वर्षांची हुशारी तिथेच वितळली. मला या बाईचा राग येतो तो इथे.

यतीन तिसऱ्या खेपेला आला तेव्हा जुसेलिनो सरावाला गेला होता. खुर्ची पुढे ओढून तो हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, घरचं माणूस म्हणून सांगतो. पोरगा एका दुसऱ्याच एजंटच्या नादी लागलाय. क्लबची पत्रं म्हणजे सगळी कायद्याची भाषा. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, कुठे सही करून बसला तर आयुष्याचं वाटोळं. त्याचं टपाल आलं की मला द्या, मी नीट समजावीन. त्याला मात्र बोलू नका हं. बिथरेल."

"मला वाटतच होतं," बाई म्हणाल्या. "फोन करताना दार लावतो तो."

यतीननं मान हलवली. "तुमच्या नजरेतून काय सुटणार, वहिनी!"

सोळा मेला क्लबचं शिक्का मारलेलं जाड पाकीट आलं, सही करून घ्यायचं होतं. पोस्टमननं पुढे केलेल्या कागदावर बाईंनी सही केली. संध्याकाळी यतीन येऊन पाकीट घेऊन गेला. जयंतरावांना याचा पत्ता नव्हता. बाईंनी त्यांनाही सांगितलं नाही, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते पाहवत नव्हतं. सकाळी दाराच्या फटीतून टपाल पडल्याचा आवाज झाला की जुसेलिनो जिन्यावरून धडधडत खाली यायचा. अनवाणी. पिझ्झाची जाहिरात, विजेचं बिल, नकुलच्या बँकेचं काहीतरी, एकेक उलटून पाहायचा.

"दोना, लेटर?"

"नो लेटर."

तो हसून वर जायचा. बाकीचे खेळाडू सुट्टीला घरी गेले. हा थांबला, पत्र आलं की जाईन, असं आईला सांगून. मॅनेजरही नुकताच बदलला होता, मैदानावर कुलूप, मिसेस हॉलिसला करायचे सोमवारचे फोनही सीझनबरोबर बंद, विचारणार कुणाला? विचारायचं ते एजंटनं. आणि एजंट म्हणत होता, क्लबला तू नकोस. सुरुवातीला बाईंना त्याच्या रोजच्या धावपळीत कटच दिसला. दुसऱ्या एजंटचं पत्र येणार असणार, म्हणून इतकी घाई! पण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यानं जेवताना पोळी अर्धी टाकली, तेव्हा "नो लेटर" म्हणताना त्यांची जीभ जराशी अडखळली. यतीनला फोन लावला. "सगळं मार्गी लागलंय, वहिनी," तो म्हणाला. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातल्या क्लबशी बोलणं झालं होतं. येत्या शुक्रवारचं, तेवीस जूनचं, विमान.

मंगळवारी दुपारी मिसेस हॉलिसचा फोन आला. जुसेलिनो जातोय याचं फार वाईट वाटतं, ती म्हणाली. दोन वर्षांचा करार देऊ केला होता, त्यानं उत्तरही दिलं नाही. मुदत शनिवारीच संपली.

"कुठला करार?"

"सोळा मेचं पत्र, मिसेस देवस्थळी. पावतीवर तुमचीच सही आहे."

बाईंनी यतीनला फोन केला. "वहिनी, तुम्ही कशाला या भानगडीत पडता? आपली माणसं आपण," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

जयंतराव कामावरून आले, ऐकलं आणि कोट न काढताच खुर्चीत बसले.

"करार संपलेलं पोरगं दुसऱ्या क्लबला नेऊन दिलं की दलाली यतीनच्या खिशात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात ते इतक्या थंडपणे कधी बोलले नव्हते.

गप्प बसायची सोय होती, हे सांगायला हवं. पावतीप्रमाणे पत्र घरी पोचलं होतं. पोरगा शुक्रवारी उडणार होता. क्लबनं टाकलं असं समजून तो आयुष्यभर क्लबला शिव्या घालत राहिला असता आणि बाईंचं नाव कुठेही आलं नसतं. बाईंनी हा हिशोब केला. तासभर केला. मग त्या जिना चढल्या आणि त्या घरात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या दारावर टकटक केली. एरवी त्या सरळ उघडत.

बॅग पलंगावर अर्धी भरलेली होती.

"लेटर केम," बाई म्हणाल्या. "सिक्स्टीन्थ मे. आय गेव्ह टू यतीन. आय टोल्ड यू नो लेटर. आय लाइड."

शेवटचा शब्द त्याला समजला नसावा. पहिले दोन समजले.

"लेटर केम?"

"येस."

"क्लब वाँट मी?"

"येस. टू इयर्स."

तो पलंगावर बसला. ओरडला नाही, काही फेकलं नाही. जमिनीकडे बघत स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिला आणि बाई दारात उभ्या राहिल्या, आत जायचं धाडस झालं नाही म्हणून.

बुधवारी तिघे क्लबच्या ऑफिसात गेले. मिसेस हॉलिसनं चष्मा काढून सगळं ऐकलं. पत्र खेळाडूच्या हातात कधी पडलंच नाही, असं लेखी मिळालं तर चेअरमनकडे शब्द टाकता येईल, ती म्हणाली. पण लिहिणाऱ्याचं नाव आमच्या घरांच्या यादीतून जाईल, आणि एजंटवर तक्रार झाली तर साक्षीलाही यावं लागेल.

"पेन द्या," वैजयंतीबाई म्हणाल्या.

पानभर लिहिलं. यतीनवर ढकलण्यासारखं बरंच होतं, पण त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते असं, की मुलानं रोज विचारलं आणि मी रोज खोटं सांगितलं. रिसेप्शनवरचं त्यांचं ते सुबक अक्षर त्या दिवशी ओळीवर राहिलं नाही. खाली सही केली, तारीख घातली. जुसेलिनो शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्या हाताकडे बघत होता. सही पूर्ण होईपर्यंत त्यानं नजर हलवली नाही, मग कागद उचलून मिसेस हॉलिसच्या हातात स्वतः दिला.

गुरुवारी चेअरमननं होकार दिला. शुक्रवारचं विमान जुसेलिनोशिवाय गेलं. त्यानं करारावर सही केली ती क्लबनं बोलावलेल्या दुभाष्याकडून ओळन् ओळ वाचून घेऊन, तीन तास लावून. पुढे तो त्या क्लबकडून दोन सीझन खेळला, चांगला खेळला.

आठवड्यानं त्याच्यासाठी गाडी आली. घर बदलून द्या, ही त्याची करारानंतरची पहिली मागणी होती, असं मिसेस हॉलिसनं आधीच फोनवर सांगितलं होतं. तिनं ते शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. यादीतून नाव गेल्यावर त्याला जावंच लागणार होतं, पण त्यानं तोवर वाट पाहिली नाही, हे बाईंना लागलं.

जयंतरावांना त्यानं मिठी मारली. दोघांचेही डोळे भरले. बाईंसमोर आला तेव्हा त्यानं किल्ली पुढे केली, दोन बोटांत धरून.

"थँक यू, दोना. फॉर पेपर."

"व्हेअर इज न्यू हाउस?" बाईंनी विचारलं. त्यांना एवढंच हवं होतं, की दिवाळीला डबा पाठवता यावा. कधी त्याच्या नावाचं काही चुकून आलंच, तर ते न उघडता, दुसऱ्या कुणाच्या हाती न देता, स्वतः नेऊन पोचवावं.

जुसेलिनो हसला. हसण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नवीन शिकलेलं इंग्रजी जपून वापरत तो म्हणाला,

"क्लब नोज, दोना."

आणि त्यांच्यासमोर पत्ता बोलला जाऊ नये म्हणून तो ड्रायव्हरशेजारी बसला, दार लावून घेतलं, काच वर केली आणि मगच खिशातला कागद काढून त्याला दाखवला.