धूळ झाडायचा ब्रश

प्रदीप गेल्याचं त्याच्या बहिणीनं, सुनीतानं, फोनवर सांगितलं. मी बदनापूरला पोचेपर्यंत कुणीतरी त्याचा संगणक बंद केला होता. तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तिथंच मला रडू फुटलं...

शाळेपासूनची दोस्ती. त्यानं नोकरी कधी धरली नाही. घरबसल्या प्रोग्रामिंगची कामं करायचा आणि उरलेला वेळ एका फुकटच्या लायब्ररीला द्यायचा. पुस्तकांची नव्हे, तयार कोडची. बारकोड वाचायचं काम ती करते आणि जगभरचे लोक ती उचलून आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतात. मीही बसवली होती. नवीन जालन्यात माझं ऑफिस होतं, बियाण्यांच्या दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर पुरवायचो. "माझ्या जिवावर जेवून राह्यला लेका," असं तो चिडवायचा, आणि ते खरंच होतं.

त्या लायब्ररीत एक फट निघाली. वाचलेला बारकोड ठेवायला जागा ठरलेली असते. त्याहून लांब मजकूर आला तर तो थांबवला जात नव्हता, सरळ शेजारच्या जागेत घुसायचा. त्यात कुणी हुकूम दडवला असेल तर संगणक तो मुकाट पाळायचा. अशाच एका बारकोडचा फोटो ऑर्डर म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना आला, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांची मशीनं ठप्प झाली. दुकानदारांनी मला जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. प्रदीप धावत आला, दिवसभर शेजारी बसून निस्तरत राहिला. संध्याकाळी चहा पिताना शांतपणे म्हणाला, "मला ठाऊक व्हतं. पण आमचा नियम हाये गड्या, दुरुस्ती बाहेर पडेस्तोवर कुणालाच सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई. एकाला सांगितलं की चोरालाबी कळतं."

मी भडकलो. मग वाटलं, नियम तो नियम. धंदा बसला, ऑफिस सोडलं, दोस्ती ठेवली. उलट चारचौघांत सांगत फिरलो, की हा माणूस सख्ख्या मित्रासाठीही वाकला नाही.

दहाव्याला सुनीतानं त्याचा ब्रश माझ्या हातात ठेवला. रंगकामाचा, जुना. कुणाकडेही गेला की तो आधी त्यानं की-बोर्ड झाडायचा. "भाऊ, ह्यो तुम्हीच ठेवा. तुमच्याकडं ते सगळं बंद पडलं ना, त्याच्या जरा आधीच दादा भोकरदनला आमच्या दुकानात आल्ता. म्हणला, धूळ लई झाली, आन् मशीनच घेऊन गेल्ता. नशीब, न्हाई तर आमचंबी गेलं असतं."

तिचं दुकान माझंच गिऱ्हाईक. तेवढं एकच वाचलं होतं, आणि तेव्हा मीही नशीबच म्हणालो होतो.

ती बिचारी सरळ मनानं बोलत होती. मी मान डोलावली. तो जिवंत असता तर गचांडी धरली असती, आता कुणाची धरू? फसवलंस प्रदीप. बहिणीला वाचवलंस याचा राग नाही, मीही तेच केलं असतं. पण मग माझ्यासमोर बसून, माझा चहा पिताना, नियम कशाला सांगितलास?

ब्रश माझ्या खणात आहे. फेकवत नाही, वापरवतही नाही. खण उघडला की एकच येतं मनात... हा घेऊन तू माझ्याही ऑफिसात यायचं होतंस. धूळ झालीय, दोन दिवस बारकोड बंद ठेव, एवढंच म्हणायचं होतंस. मी कारण विचारलं नसतं.