सुनेच्या लग्नाचा ड्रेस

हॉस्पिटलच्या धुलाईघरात सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून आपणही मावशीच म्हणू. इस्त्रीच्या मोठ्या रोलरपाशी त्यांची जागा ठरलेली होती. ओली चादर एका बाजूनं आत जायची आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. ती झेलायची, समोरच्या जोडीदारणीबरोबर घडी घालायची आणि ढिगावर ठेवायची. इतकी वर्षं हे केल्यावर मावशींच्या हातांना गरम असं फारसं कळतच नसे.

त्यांना मुलगा एकच होता. तापाचं निमित्त होऊन तो ऐन तिशीत गेला. मागे राहिल्या दोघी, त्याची आई आणि त्याची बायको. सुनेचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा ती त्याला म्हणाली, येईन थोड्या दिवसांनी. ते थोडे दिवस लांबत गेले आणि चार वर्षं कशी गेली ते दोघींनाही समजलं नाही. सून बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारायची. दिवसभर तिचा आवाज अख्ख्या स्टँडवर घुमायचा, घरी मात्र ती शेजारच्या खोलीतही ऐकू जाऊ नये इतकं हळू बोलायची. जिला आधी जाग येईल तिनं चहा टाकायचा, जिला उशीर होईल तिच्यासाठी दुसरीनं जेवायचं थांबायचं. असं त्यांचं चाललं होतं.

मग बिल्डिंगची लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला आलेला माणूस ठेंगणा, चाळिशीला टेकलेला, एकटा. दुपारी जिन्यात बसून डबा खायचा. मावशींनी त्याला आधी पाणी दिलं, मग आत येऊन बसा म्हणाल्या. लिफ्ट सुरू झाली तरी तो चौथ्या मजल्यावर मावशींकडे डोकवायचा आणि सुनेला गाड्यांच्या वेळा विचारायचा. मावशींनी ओळखलं. हा माणूस स्कूटरवर फिरतो, याला बसशी काय देणंघेणं? एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "माणूस बरा आहे. तू विचार कर. माझ्याकडे बघून नाही म्हणू नकोस."

सून त्या दिवशी जेवली नाही. पुढे महिनाभरानं हो म्हणाली. मावशींनी धुलाईघरात ताठ मानेनं सगळ्यांना सांगितलं, माझ्या सुनेचं लग्न ठरलंय. जोडीदारीण म्हणाली, लिफ्ट बिघडवली त्याला पहिलं आमंत्रण द्या हो. सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या, आणि ते हसू खोटं नव्हतं.

लग्न वर्षभरानं करायचं ठरलं. घर बघायचं होतं, लिफ्टवाल्यांच्या बहिणीला लांबून यायचं होतं. सुनेनं एकदा मावशींना विचारलं, कपड्यांचं कधी बघायचं? मावशी म्हणाल्या, अजून वेळ आहे. दोन महिन्यांनी तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मावशींनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

जोडीदारणीनं मात्र एक दिवस चादरीची दोन टोकं हातात असतानाच विषय काढला. तिच्या धाकटीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी आठ महिने आधीपासून दुकानं पालथी घातली होती. मनासारखं शिवून मिळायला निदान चार-पाच महिने जातात. मग मापं, मग फेरफार, मुलगी बारीक होते, जाड होते. तुमचं कुठवर आलं? मावशी म्हणाल्या, "आमचं साधंच आहे." ती घडी वाकडी पडली. पुन्हा घालावी लागली.

त्याच आठवड्यात सून कामावरून येताना एक पिशवी घेऊन आली. आत राखाडी रंगाचा तयार ड्रेस होता. लग्नाला हाच घालीन, म्हणाली. दुसरं लग्न आहे, कशाला थाट, आणि हा नंतर स्टँडवरही वापरता येईल. बोलणं अगदी शहाण्यासारखं होतं. मावशी म्हणाल्या, आण, इस्त्री करून देते.

कापड बरं होतं. शिवण सरळ होती. रंग न विटणारा, डाग न दिसणारा. मावशींनी बाह्या केल्या, पाठ केली, आणि पुढच्या बाजूवर इस्त्री फिरवताना त्यांच्या लक्षात आलं. लग्नाला निघालेली बाई असा ड्रेस कधी घेत नाही. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून बाई असा ड्रेस घेते. आणि या घरात डोळे होते कुणाचे?

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "तू मला परत का नाही विचारलंस?"

सून रिकाम्या पिशवीची घडी घालू लागली. मग म्हणाली, "आई, मी विचारलं की तुम्ही उठून खिडकी लावायचात. उघडी नसली तरी."

मावशींना हे ठाऊकही नव्हतं. मुलगा गेल्यावर त्या सावरल्या होत्या, कामावर उभ्या राहिल्या होत्या, सुनेचं नवं स्थळही त्यांनीच पुढे केलं होतं. पण ड्रेस आला की तारीख खरी होणार, आणि तारीख खरी झाली की चहा एकटीपुरता टाकावा लागणार. लग्न त्यांना हवं होतं. फक्त ते जवळ यायला नको होतं.

"रविवारी जाऊ," त्या म्हणाल्या. "दोघी."

दुकान अरुंद होतं, पण आत खोल होतं. भिंतीभर कपडे प्लास्टिकच्या आवरणात टांगलेले, मागे आरसे आणि एक लाकडी पाट. मापं घेणाऱ्या बाई चटपटीत होत्या. तारीख ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, फार उशीर केलात म्हणाल्या. पण शिवलेल्यांपैकी एखादा आवडला तर अंगाबरोबर करून देऊ. सुनेनं तीन घालून पाहिले. चौथा सायीच्या रंगाचा होता, पायघोळ, लांब बाह्यांचा, पाठीवर बारीक बटणांची ओळ. तो घालून ती पाटावर उभी राहिली आणि आरशात बघत राहिली. मावशींना आठवलं, ही पोर अजून पस्तिशीचीही नाही.

सून तो बदलायला पडद्याआड गेली. बाईंनी मावशींना विचारलं, तुम्ही आई का?

"सासू."

"वा," बाई खूश होऊन म्हणाल्या. सुनेच्या कपड्यांसाठी स्वतः येणाऱ्या सासवा किती असतात? मुलाचं नशीब म्हणायचं. मग त्या कामाचं बोलू लागल्या. नवरदेवाची उंची सांगा, म्हणजे टाच किती उंच घालायची ते ठरवून खालची दुमड घालता येईल. एकदा जादा कापड कापलं की मग लांबी वाढवता येत नाही.

मावशींना तिथंच सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि आलं ते भलतंच. "उंच आहे. हिच्या डोक्यावर त्याची हनुवटी टेकते."

आहे, असं म्हणाल्या त्या. इतक्या वर्षांत कुणी त्यांना मुलाबद्दल असं सहज, जिवंत माणसाबद्दल विचारावं तसं विचारलं नव्हतं. बाईंनी उंच टाच नोंदवून टाकली. पडद्याआडची सळसळ थांबली होती. थोड्या वेळानं सून त्याच ड्रेसमध्ये बाहेर आली, पाटावर पुन्हा उभी राहिली, दुकानातल्या उंच टाचांच्या चपला पायात घालून लांबीला टाचण्या लावून घेतल्या आणि बाईंचे आभार मानले. घरी येताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या. सून बाहेर बघत होती. मावशी स्वतःच्या हातांकडे.

पुढचे तीन-चार दिवस मावशींना अन्न गोड लागेना. लिफ्टवाले सुनेपेक्षा बोटभर कमीच भरले असते. त्यांच्या शेजारी ती उंच टाचा घालून उभी राहणार, लोक बघणार, आणि का ते फक्त दोघींना माहीत असणार. शेवटी एक दिवस ड्यूटी संपल्यावर त्या अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशी दुकानात गेल्या.

मापं घेणाऱ्या बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. मावशी पाटाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "परवा मी सांगितलं ते माझ्या मुलाचं माप होतं. तो वारलाय. लग्न दुसऱ्याशी आहे. हे बुटके आहेत. टाच नको, सपाटच असू द्या."

बाईंनी एकेक टाचणी काढून डबीत ठेवली. कापड अजून कापलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी मावशींना स्टूल पुढे केलं. मावशी बसल्या, आणि इतक्या वर्षांत जे घरी सुनेसमोर कधी आलं नव्हतं ते रडू त्या परक्या दुकानात आलं. बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम हातात घेऊन शेजारी बसून राहिल्या. काही विचारलं नाही, हे बरं केलं.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला सांगून टाकलं. सून म्हणाली, तिनं पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. तुम्हाला ते शब्द मागे घ्यावे लागू नयेत म्हणून उंच टाचाच घालायच्या असं तिनं ठरवलं होतं.

"आणि त्यांना काय सांगणार होतीस?"

"सांगितलं. म्हणाले, घाल खुशाल. मी लिफ्टच्या खड्ड्यात काम करतो, मला सगळे वरच दिसतात."

मावशींना हसू आलं. नंतर त्या म्हणाल्या, "नाही. सपाटच घाल. त्यांच्या शेजारी उभी राहणार आहेस तू."

लग्नाच्या दिवशी पाठीची बटणं मावशींनी लावली. बारीक होती, त्यांच्या जाड झालेल्या बोटांत येत नव्हती. सुनेची बहीण मी लावते म्हणून पुढे झाली, पण सून म्हणाली, थांब, आईंना लावू दे. वेळ लागला. बाहेरून दोनदा बोलावणं आलं. मावशींनी शेवटचं बटण लावलं आणि कापडावरून एकदा तळहात फिरवला, चादरीवरून फिरवावा तसा.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. सकाळी त्या दोघींचा चहा टाकायच्या आणि दुसरा कप गार झाल्यावर तोही स्वतःच प्यायच्या. धुलाईघरात त्या अजूनही माझी सून असंच म्हणत, आणि कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही.

तिसऱ्या रविवारी दोघं जेवायला आली. लिफ्टवाले दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसले. भिंतीकडच्या खुर्चीवर पूर्वी मुलगा बसत असे, ती तशीच होती. मावशींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "तिकडे खुर्चीवर बसा नीट."

लिफ्टवाल्यांनी सुनेकडे बघितलं. मग ते उठले, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि बसले. मावशी आत ताटं घ्यायला गेल्या.