फुईने दाबलेल्या जाहिराती

जळगावच्या ज्या दैनिकात मी मुद्रितशोधक होतो, तिथे एके दिवशी आमचा विभागच बंद झाला. चुका आता संगणक दाखवतो, वेगळी माणसं कशाला, असं मालकांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावरच्या मथळ्यात 'निवडणूक'मधला 'णू' ऱ्हस्व छापून आला. तो अंक हातात धरून मी घरभर फिरलो.

"आता पेपर त्यांचा, चूकही त्यांची," बायको म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

ती असोद्याच्या शाळेत शिकवते, त्यामुळे घर अडलं नव्हतं. अडलो होतो मी. किराणा दुकानाच्या पाट्या वाचून चिडचिड करत गावभर हिंडणारा माणूस घरात कोणाला हवा असतो?

तेव्हा माझा मेहुणा मदतीला धावला. हा बायकोचा धाकटा भाऊ. धुळ्याला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जगात जे नवीन येतं ते आधी त्याला कळतं असा त्याचा समज आहे.

"दाजी, तुम्ही ब्लॉग काढा. तुमच्याकडे भाषा आहे. लोक वाचतील, बाजूला जाहिराती दिसतील, पैसे थेट बँकेत. घरबसल्या!"

त्याच्या आग्रहाने मी धुळ्याला एका कार्यशाळेला गेलो. भर उन्हाळ्यात, पंखा नीट फिरत नसलेल्या मंगल कार्यालयात, कोट घातलेला एक तरुण आम्हाला झोपेत पैसे कसे येतात ते सांगत होता. नाव कसं घ्यायचं, रंग कोणता ठेवायचा, जाहिरात कुठे बसवायची, सगळं झालं. मी हात वर करून विचारलं, "पण लिहायचं काय?"

तो हसला. "सर, तो शेवटचा प्रश्न आहे."

मला मात्र तो पहिला वाटत होता. मी शुद्धलेखनावर लिहायला घेतलं. 'आणि'मधला णि, सामान्यरूपं, अनुस्वार. मन लावून लिहिलं. वाचक दोन: बायको आणि मेहुणा. बायको वाचायची. मेहुणा नुसता आकडा बघायचा.

"दाजी, हे कोणी शोधतच नाही," तो एका रविवारी येऊन म्हणाला. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "लोक काय शोधतात बघा. वहिनीला वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा."

"हार्दिक. दि पहिली."

"लोक दुसरीच लिहितात ना पण! तुम्ही बरोबर लिहिलं तर सापडणार कसे त्यांना?"

मी त्या दिवशी त्याला हाकललाच. पण महिनाभर वाचक दोनाचे तीन झाले नाहीत, आणि शेवटी मी बसलो. ज्या शब्दावर मी उभ्या नोकरीत लाल शाई सांडली, तो चुकीचा शब्द स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत शीर्षकात लिहिला. मजकुरात मात्र बरोबरच ठेवला, तेवढी माझी अब्रू.

आणि लोक आले! वहिनीनंतर भाऊजी, मग साडू, मग मामेबहीण. "नणंदेच्या मुलीला राहिलं," बायको पोळ्या लाटता लाटता सुचवायची. जावयाला शुभेच्छा देताना किती प्रेम दाखवावं, सुनेला 'लेकीसारखी' म्हणावं की 'लेकच', यावर आमचे वाद व्हायचे. मी चिडत होतो, पण रिकामा नव्हतो. कोणीतरी बोदवडहून लिहिलं की तुमच्या ओळी वाचून साडूने दोन वर्षांनी फोन केला. मला त्या साडूंचा हेवा वाटला, कारण त्यांना माझ्या ओळींतून साडू तरी परत मिळाला, मला तोवर एक रुपयासुद्धा मिळाला नव्हता.

मग जाहिरातींना मंजुरी मिळाली. माझ्या शुभेच्छांच्या मधोमध गुडघेदुखीचं तेल, बिनशेती प्लॉट आणि पोट कमी करायची पावडर दिसू लागली. दिवसाची कमाई एका कटिंग चहाइतकी. तरी बायकोने शिरा केला.

त्याच आठवड्यात धुळ्याला नात्यातला साखरपुडा होता. अंगठ्या घालून झाल्या, जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या, आणि मेहुण्याने सूत्रसंचालकाच्या हातातला माइक घेतला.

"आपल्या दाजींनी ब्लॉग सुरू केलाय. सगळ्यांनी मोबाइल काढा. मी ग्रुपवर लिंक टाकलीय. रोज उघडायचं आणि जाहिरात दिसली की दाबायची. आपल्याला काही खर्च नाही, दाजींना फायदा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला संकोच वाटला, थोडं बरंही वाटलं. असं करू नये असं त्या कार्यशाळेत कोणी सांगितलं नव्हतं. नियमांचं पान मी उघडलं होतं, पण त्याचं मराठी इतकं भयंकर होतं की दुसऱ्या परिच्छेदालाच माझं डोकं उठलं आणि मी ते बंद केलं.

आठवडाभर कमाई अशी चढली की मेहुण्याने स्वतःला माझा व्यवस्थापक म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर कंपनीचा मेल आला. 'आपल्या खात्यावर अवैध क्रियाकलाप आढळल्याने ते अक्षम केले गेले आहे.' जमलेली रक्कमही गेली. अक्षम! मला क्षणभर कळेना, आधी कशावर चिडावं.

मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आपल्या लोकांनी जरा जास्तच प्रेम केलं, दाजी. नवीन खातं काढू, ताईच्या नावाने."

मी फोन ठेवला आणि तडक एस.टी. पकडून धुळ्याला गेलो. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो मान खाली घालून एका फोनचा स्क्रू काढत राहिला. मग हळूच म्हणाला, "जास्त तर फुईनेच दाबल्या असतील. ती रोज मला फोन करून सांगायची."

फुई म्हणजे माझी आत्या. धुळ्याजवळच्या खेड्यात राहते, साखरपुड्यालाही आली होती. तसाच तिच्याकडे गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला की माझं अर्धं अवसान तिथेच गळालं.

"भाऊ, बठ्ठ्या जाहिराती दाबस मी रोज," ती तिच्या अहिराणीत म्हणाली; बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. "सकाय, दुपार. शेजारना मोबाइलवर बी दाबस. भेटना का पैसा?"

"फुई, त्यामुळेच खातं बंद झालं माझं."

तिने शेंगांची टोपली बाजूला सरकवली. "दाबाले सांगं, म्हनीसन दाबं. आते बंद करी दिनं? कशी कंपनी शे ती!"

मला हसू येईना आणि ओरडताही येईना. ती आत गेली आणि एक बाटली घेऊन आली. तीच, त्या गुडघेदुखीच्या तेलाची. दाबता दाबता तिने ते मागवूनसुद्धा टाकलं होतं. माझ्या पँटचा पायचा वर करून तिने मला स्वतः तेल चोळलं. माझे गुडघे दुखत नव्हते. मी दुसराही पायचा वर केला.

खात्यासाठी विनंतीअर्ज केला, तो मी वाचून परत तपासायच्या आत फेटाळला गेला. मेहुण्याशी बरेच दिवस बोललो नाही. ब्लॉग तसाच राहिला, जाहिरातींशिवाय. त्यावर माझा फोन नंबर होता, तो काढायचं राहून गेलं, आणि त्यावरच भुसावळहून एका माणसाचा फोन आला.

"तुमच्या शुभेच्छा वाचल्या. वडील रेल्वेतून रिटायर होतायत. मानपत्र लिहून द्याल का? जे असेल ते देऊ."

मी वडिलांबद्दल विचारत गेलो. थंडीत रुळाला तडा गेलेला त्यांना आवाजावरून कळायचा, सणाच्या दिवशी ते दुसऱ्यांची ड्युटी घ्यायचे आणि मग घरच्यांवर डाफरायचे. मी ते सगळं लिहिलं, डाफरणंसुद्धा. मुलाने डाफरणं काढलं आणि चार ठिकाणी 'कर्तव्यदक्ष' घातलं. मी भांडून दोन काढायला लावले. तरी त्याने मला कार्यक्रमाला बोलावलं. मानपत्र वाचून झाल्यावर म्हातारा उठला, चौकट हातात घेतली आणि चष्मा लावून सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून मनात वाचू लागला. हॉलमधले लोक ताटकळले. मी पाहत राहिलो. माझा मजकूर इतक्या सावकाश कोणी वाचलेला मी पाहिला नव्हता.

त्या हॉलमध्येच आणखी दोघांनी नंबर घेतला. आता महिन्याला चार-पाच मानपत्रं असतात, लग्नसराईत जास्त. त्या पैशावर घर चालत नाही, पण माझा खर्च निघतो. आणि चिडायला भरपूर मिळतं. परवाच एका कार्यालयातल्या बाईंचा फोन आला.

"साहेबांसाठी लिहा. 'अजातशत्रू' शब्द पाहिजेच."

"बाई, अजातशत्रू म्हणजे ज्याला शत्रूच नाही असा. तुम्हीच आत्ता म्हणालात, अर्धं ऑफिस त्यांच्याशी बोलत नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या, "म्हणूनच लिहायचंय. मोठ्या अक्षरात."